अँतिओगुकाकांचं पिंप

रायमोंडाच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र लहानच होतं. बेल्जियमहून आलेलं, चौकडीच्या कागदावर, आम्ही दोघं शाळेत असताना होतं तसंच डावीकडे कललेलं अक्षर. "बाबांचं पिंप अजून जिवंत आहे का, एवढंच कळव. असेल तर एकदा येऊन चाखून जाईन. नसेल तर या वयात एवढा प्रवास कशाला?"

तिचे वडील, अँतिओगुकाका, तिकडच्या खाणीत कामाला गेले तेव्हा आपलं चेस्टनटच्या लाकडाचं वाइनचं पिंप आमच्या कोठीत ठेवून गेले. परत येईपर्यंत सांभाळा, म्हणाले. ते आले नाहीत. माझ्या वडिलांनी स्वतः मरेपर्यंत ते पिंप सांभाळलं. मग ते माझ्याकडे आलं, आणि मी पडलो शाळामास्तर.

पत्र येण्याच्या महिनाभर आधी एका जाडजूड पुस्तकात मी वाचलं होतं की हवा ही वाइनची वैरी, पिंप काठोकाठ भरलेलं हवं. आमचं तर चांगलं वीतभर रिकामं. माझ्याच आळसानं ते रिकामं झालं असणार, असं मला वाटलं. शेजारच्या गावातून वेर्नाच्चा, म्हणजे आमच्याकडची पांढरी वाइन, आणली, बुचापर्यंत भरली आणि त्या दिवशी मी स्वतःवर चक्क खूश होतो.

आमच्या नदीकाठी शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं की वेर्नाच्चाचं पिंप मुद्दाम अपुरं भरतात. वरच्या मोकळ्या जागेत दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. त्याला आम्ही फूल म्हणतो. त्या फुलाखाली वर्षानुवर्षं राहून वाइनची वेर्नाच्चा होते. हे मलाही माहीत होतं. पण छापलेल्या शब्दापुढे मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही, हा जुना रोग. पत्र आल्यावर मी बूच काढून पाहिलं. फुलाच्या चिंध्या तरंगत होत्या. मी बूच लावलं, कोठीला कुलूप घातलं.

"प्रिय रायमोंडा" असं मी कितीदा लिहिलं असेल! पुढे "आहे" लिहिलं तर खोटं. "नाही" लिहिलं तर ती कधीच येणार नाही.

या फेब्रुवारीत शेजारची बोनाकाता दारात उभी राहिली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण आवाज अजून भिंतीपलीकडून ऐकू येतो.

"मास्तर, पणतीचा बाप्तिस्मा आहे रविवारी. अँतिओगुच्या पिंपातली बाटलीभर दे."

"ती... ती चांगली नाही राहिली."

"तू चाखलीस?"

"नाही."

"मग तुला काय स्वप्न पडलं?"

मला खोटं जमत नाही. सगळं सांगितलं, पुस्तकासकट आणि रायमोंडाच्या पत्रासकट. ती दाराच्या चौकटीला धरून हसत राहिली.

"काठोकाठ! अरे, माझ्या मेलेल्या नवऱ्यानं पिऊन तर्र असतानाही हे केलं नसतं. आण किल्ली."

कोठीत मातीच्या जमिनीचा ओलसर वास होता. बोनाकातानं बूच काढलं आणि माझ्या हातातली विजेरी ओढून घेतली. बराच वेळ ती वाकून बघत राहिली.

"बोल ना गं."

"तूच बघ."

वाइन वीतभर खाली गेली होती. लाकडानं चार वर्षं हळूहळू पिऊन घेतली होती तेवढी. आणि तिच्यावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, फिकट, सुरकुतलेलं, अखंड फूल धरलं होतं.

"पण मी तर ते मारलं होतं."

"वर मारलंस. लाकडात शिल्लक होतं ते. चार वर्षं काय केलंस याचं?"

"काहीच नाही."

"तेच एक शहाणपणाचं केलंस."

फुलाला धक्का नको म्हणून तिनं खालच्या तोटीतून पेल्यात दोन बोटं वाइन काढली. कडू बदामाचा तो वास आला आणि माझे वडील माझ्या शेजारी उभे आहेत असं मला वाटलं. बोनाकातानं घोट घेतला, डोळे मिटले.

"अँतिओगुच आहे," ती म्हणाली. मग डोळे उघडून, "रायमोंडाला कळवलंस?"

"नाही."

"मास्तर, पिंपाला हात न लावणं वेगळं. पत्र नुसतं ठेवलं तर त्यावर फूल नाही धरत."

त्याच दुपारी मी लिहायला बसलो. रायमोंडा अजून असेल का, पत्ता तोच असेल का, असे दहा प्रश्न मनात आले. तरी लिहिलं: "पिंप जिवंत आहे. मी ते जवळजवळ मारलं होतं, आलीस की सांगतो. हसायचं तेवढं हस. पण ये."

बोनाकाता टपालपेटीपर्यंत माझ्याबरोबर आली. माझा भरवसा नव्हता तिला.

"पत्ता नीट लिहिलास ना? की पुस्तकात बघून?"

मी पाकीट लाल पेटीच्या फटीत धरलं. ते आत पडल्याचा आवाज आला.