सायलीचे एकोणपन्नास किलो

मित्रांनो, विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रामागील अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेला जुना वजनकाटा म्हणजे मी. माझ्या मानेला ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी बांधलेली आहे. ती चूक आहे.

ओतीव लोखंडाचा पाया, उभा खांब, आकडे कोरलेली दांडी आणि तिच्यावर सरकणारे पितळी वजन, एवढेच माझे शरीर. कारखान्यातून निघताना प्रमाणित वजने ठेवून माझी परीक्षा झाली होती. शंभर ग्रॅमचा फरक मला ओळखता येतो. त्यापलीकडचे काही कळते, असा दावा मी कधीही केला नाही.

तो दावा माणसांनी केला. काही वर्षांपूर्वी ठरले, की प्रत्येक विद्यार्थ्याचे सर्वांगीण स्वास्थ्य मोजायचे. उंची, वजन, रक्तदाब आणि झोप, भूक, मन यांविषयीचे प्रश्न मिळून एक ‘स्वास्थ्यांक’ निघे. तो नोंदवल्याशिवाय परीक्षेचे प्रवेशपत्र मिळत नसे. रांग लांब असल्यामुळे मुले प्रश्न न वाचताच ‘उत्तम’वर खूण करीत. सरासरी दरवर्षी वाढली. मला तेलपाणी झाले, फोटोत मानाची जागा मिळाली. सरासरी वाढली म्हणजे नेमके काय वाढले, हे मात्र कोणी विचारले नाही.

केंद्रातील सगीरा सिस्टर कामाला चोख आणि जिभेला तिखट होत्या. एखादा मुलगा दप्तरासकट चढला, की त्याला म्हणत, “उतरवा साहेब, पुस्तकांची तब्येत नाही बघायची.”

माझ्याशेजारच्या बाकावर एकदा वसतिगृहातील दोन मैत्रिणी बसल्या होत्या. देवगाव रंगारीची सायली दिवसेंदिवस वाळत चालली होती. मेसमधले ताट ती तसेच सारून उठे. तिच्या खोलीत राहणारी बिडकीनची नौशीन तिला काट्यावर चढण्याचा आग्रह करीत होती.

“नगं,” सायली म्हणाली. “वजन कमी दिसलं की घरी फोन जातो. कन्नडच्या त्या पोरीला बापानं नेलं, ती आली का परत? माझंबी शिक्षण संपंल.”

“बरं, तुझ्या नावानं मी उभी राहते. पण तू जेवायचं. वादा कर.”

“व्हय.”

वर्गात गैरहजर मित्राच्या नावाने हजेरी लावण्याची जी रीत मुलांच्या अंगवळणी पडली होती, तीच आता माझ्याकडे आली. आपल्या शहराच्या उन्हात मुली चेहऱ्याला स्टोल गुंडाळूनच फिरतात. डोळ्यांखेरीज काही दिसत नाही. नौशीन स्वतःच्या नावाने चढे आणि स्टोल बदलून सायलीच्या नावाने पुन्हा चढे. मला पावले ओळखू येत, पण नावे विचारणे माझ्या कामात नव्हते. संगणकावर सायली एकोणपन्नास किलोंची झाली आणि प्रत्येक सत्रात तेवढीच राहिली. वादा पाळला गेला नाही. नौशीन मात्र येत राहिली.

मग भावाच्या लग्नासाठी नौशीन गावी गेली आणि तपासणीचा दिवस उजाडला. सायली स्वतः आली.

सिस्टरनी पितळी वजन एकोणपन्नासवर ठेवले. दांडी उठली नाही. त्यांनी ते मागे सरकवले, आणखी मागे सरकवले. दांडी समतोल झाली तेव्हा आकडा सदतीस होता. सिस्टरनी संगणकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“काटा गेला वाटतं. लई जुना झालाय. तू बरी आहेस ना?”

सायली आवश्यकतेपेक्षा जरा जास्तच वेळ माझ्यावर उभी राहिली. दांडीचे टोक थरथरत होते.

“व्हय सिस्टर,” ती म्हणाली. “काटाच बिघडला असंल.”

नोंद एकोणपन्नासची झाली. एखादे उपकरण चुकते आहे असे वाटले, तर त्यावर ज्ञात वजन ठेवून पाहतात. सिस्टर स्वतः चढल्या असत्या, तरी पुरे होते. त्यांनी शिपाई कडुबाला हाक मारली. त्याने चिठ्ठी बांधली आणि मला इथे आणले. माझ्या जागी विजेवरचे नवे यंत्र आले.

काल नौशीन परतली आणि खोलीवरून थेट केंद्रात आली. सायली अंथरुणावरून उठू शकत नव्हती.

“काटा खराब नव्हता, सिस्टर. सायलीच्या नावानं दर वेळी मीच उभी राहिले.”

सिस्टर नव्या यंत्रावर चढल्या. मग या खोलीत येऊन माझ्यावर चढल्या. दोन्ही आकडे एकच आले. पिशवी उचलून नौशीनबरोबर वसतिगृहाकडे धावत सुटल्या. थोड्या वेळाने रुग्णवाहिका वाजत तिकडे गेली. परतताना ती वाजली नाही. याचा अर्थ काय, हे मला मोजता येत नाही. आणि अजून इकडे कोणी फिरकलेले नाही.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, तेल घाला किंवा भंगारात द्या. पण तुमची मैत्रीण ताट सारून उठत असेल, तर तिच्या नावाने माझ्यावर चढू नका. तिचा हात धरून तिलाच घेऊन या. घरी फोन जाईल, ती तुमच्यावर रुसेल, कदाचित बोलायचीही नाही. न बोलणाऱ्या मैत्रिणीचेही वजन मला सांगता येते.