तीन मिलिमीटरची पाळ

कागदाच्या वरच्या कडेपासून नऊ सेंटिमीटर खाली, जिथे समुद्र संपून आभाळ सुरू होत होतं, तिथे एक काळपट रेघ होती. सरिताने फूटपट्टी लावून मोजली. रुंदी तीन मिलिमीटर. डावीकडे जराशी जाड, उजवीकडे जाता जाता विरलेली. आधीच्या चित्रात तीच, त्याआधीच्यातही तीच. लाट बदलली होती, उजेड बदलला होता, पक्षी तर चारदा बदलला होता. रेघ मात्र जागची हलली नव्हती.

ती रेघ शोधली होती थोरल्या जाऊबाईंनी, सुमनबाईंनी. तांदूळ पाखडता पाखडता त्यांनी चित्राकडे एकदा पाहिलं आणि सूप न थांबवता म्हणाल्या, "याले तं पाळ हाय."

"कायची पाळ? समुद्र हाय तो, बाई."

"असन समुद्र. पन पल्याड पाळ हाय ना. हे काय, झाडंबी दिसून राहिले. आपल्याच तलावाले निळा रंग देल्ला तू."

सरिताला राग आला नाही. तीस वर्षं पवनीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला निरीक्षण कोणी केलं यापेक्षा ते बरोबर आहे का, एवढंच महत्त्वाचं वाटे. आणि निरीक्षण बरोबर होतं. रेघ तलावाच्या मातीच्या बांधासारखीच दिसत होती.

या सरावाची सुरुवात झाली ती एका टाळाटाळीतून. सरिताचे यजमान अनुप जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांचे मोठे भाऊ परसराम त्याआधीच गेले होते. आसगावच्या घरात उरल्या दोघी जावा. दोन बायका आणि एक चूल. सरिता निवृत्त झाली त्याच आठवड्यात रत्नागिरीहून लेकीचा, रीताचा फोन आला. "आई, आता तिकडे काय आहे? माझ्याकडे ये राहायला. घरातून समुद्र दिसतो." सोबत तिने समुद्राचे वीसेक फोटोही पाठवले.

सरिताला हो म्हणता येईना आणि नाही म्हणायला काही कारण सापडेना. लहानपणापासून तिचा हात चित्रात बरा होता. बेडकाचं हृदय फळ्यावर ती एका दमात काढत असे. म्हणून ती सहज बोलून गेली, "आधी तो समुद्र मला कागदावर जमू दे. मग सांगते."

बोलणं थट्टेचं होतं, पण रीताने ते धरून ठेवलं. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच: "जमला का?"

न जमायला कारणं पुष्कळ होती. सरिताने रीतसर वही केली, प्रत्येक कागदाला क्रमांक घातला आणि खाली एकेक चूक लिहिली. पहिले वीस सराव नुसत्या लाटेच्या पाठीचे. पुढचे तीस किनाऱ्यावरच्या कुरव पक्ष्याचे. आधी नुसता पंख, मग नुसती मान, मग उभा पक्षी. फोटोत पाय नीट दिसत नसत, तेव्हा तिने पाय धानाच्या बांधीतल्या बगळ्याचे पाहून काढले. सुमनबाई पोट धरून हसल्या होत्या.

"अव मास्तरीनबाई, या पाखराले कोनाचे पाय लावले? बगळा पान्यात उभा राहाते म्हनून लंबे पाय. तुहा पाखरू तं रेतीवर बसला हाय. त्याले एवढे कायले लागते?"

सरिताने वहीत लिहिलं: सराव ३८, पाय अधिवासाशी जुळत नाहीत.

मग दोघी सकाळी तलावावर जाऊ लागल्या. थंडीत तिथे सुरय पक्षी येत, पाण्यावरून चोच खाली करून उडत आणि दगड पडावा तशी बुडी मारून मासोळी उचलत. कुरवाचा जवळचाच भाऊबंद. सरिता पेन्सिलीने एका फडफडीला एक रेघ, अशा नुसत्या रेघा ओढी. सुमनबाई शेजारी बसून सूचना करत. "आता ओढ! वर आला! अव, गेला ना." पन्नासाव्या सरावापर्यंत पक्षी टांगलेला दिसत होता, सत्तराव्याला तो तोलायला लागला आणि नव्वदाव्याला खरंच उडाला. त्या दिवशी सुमनबाईंनी चित्रावर बोट टेकवायला नेलं आणि मागे घेतलं. "भुर्र जाईन," म्हणाल्या.

पक्षी जमला. समुद्र अडला तो त्या रेघेपाशी.

आधी सरिताला वाटलं, दोष रंगाचा आहे. ओला रंग वाळताना कडेला सरकतो आणि कड गडद होते. तिने कोऱ्या कागदावर नुसते चौकोन रंगवून पाहिले. कड गडद झाली, पण केसाएवढी. बाकीची रेघ तिच्या हाताची होती. न ठरवता, न कळता, प्रत्येक वेळी कुंचला तिथे पोचला की हात जरा दाबला जात होता. साठ वर्षं जे पाणी पाहिलं त्याला पलीकडचा काठ होता. काठ नाही म्हटलं की हाताला चैन पडत नव्हतं.

शंभर झाले. एकशे दहा, एकशे वीस. रेघ तीनाची दोन मिलिमीटर झाली, एकदा दीड झाली, मग पुन्हा तीनावर गेली. खरं सांगायचं तर सरिताला त्याचं फारसं दुःख नव्हतं.

फेब्रुवारीत रीताचा फोन आला तो रविवार नसताना. "आई, आम्ही घर बदलतोय. दोन घरं पाहिली आहेत. एकात तुझ्यासाठी वेगळी खोली आहे, दुसरं लहान आहे. या रविवारी मालकांना सांगायचंय. मी वाईट वाटून घेणार नाही गं, पण काय ते आता बोल."

सरिताने चार दिवस मागून घेतले. शनिवारपर्यंत तिने चार सराव केले, चारही बिघडले. रविवारी सकाळी तिला एक प्रयोग सुचला. संदर्भाचा फोटो तिने उलटा ठेवला, कागदही उलटाच धरला. आता पाणी वर होतं, आभाळ खाली. हाताला कळायला नको की हे पाणी आहे. तो नुसता एक राखट डाग दुसऱ्या राखट डागाला भिडवत होता. दीड तासाने तिने कागद सरळ केला. फूटपट्टी उचलली, पण लावली नाही.

"बाई, जरा पाहून द्या."

सुमनबाई पदराला हात पुसत आल्या. चष्मा घातला. कागद घेऊन अंगणात गेल्या, उन्हात हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच चित्राला दिला नव्हता. रीताचा फोन त्यांनीही ऐकला होता. आज काय बोललो तर काय होईल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. 'हाय ना पाळ' एवढं म्हटलं असतं तरी सरिताने विश्वास ठेवला असता.

"नाई," त्या म्हणाल्या. "आता पाळ नाई."

"नीट पाहा."

"पाहिलं नीट. जिकडं पाहाव तिकडं पानीच हाय. भेव लागते मले त." त्यांनी कागद परत दिला. "झाला तुहा समुद्र. आता जा."

"अशा कशा जा म्हनता?"

"मंग का म्हनू? जमला का मंग सांगतो म्हने. जमला ना?" सुमनबाई चुलीकडे वळल्या, पुन्हा फिरल्या. "आन एक आयकून ठेव. माह्यासाठी थांबली असं कोनापाशी बोलशील तं याद राख. मी का पाळन्यात घालाचं लेकरू हाय?"

दिवसभर दोघी जेवढ्यास तेवढं बोलल्या. जेवण झालं, भांडी झाली. दुपारी सरिताने सगळे कागद काढून ओसरीवर रचले. बांधायला घ्यावेत, असं मनात होतं. पण ती चुका वाचत बसली. पंख कोरडे वाटतात. पक्षी वाऱ्याच्या उलट बसायला हवा. लाट पळते आहे, लाटेने चालायला हवं. अक्षर तिचं, चुका बहुतेक सुमनबाईंनी दाखवलेल्या. वाचता वाचता तिला एकदा हसू आलं, मग आणखी एकदा. आतून आवाज आला, "का झालं व दात काढाले?"

"काही नाई. तुमचंच बोलनं वाचून राहिली."

"वाच, वाच. तिकडं कोन बोलीन तुले एवढं?"

बोललेलं परत घेता आलं असतं तर सुमनबाईंनी तेव्हाच घेतलं असतं.

सरिताने कागद बांधले नाहीत.

पाच वाजता फोन वाजला. सरिताने तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकून ओसरीच्या कठड्यावर ठेवला.

"आई, जमला का?"

सरिताने तोंड उघडायच्या आत सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि रत्नागिरीपर्यंत फोनशिवायच पोचेल अशा आवाजात ओरडल्या, "जमला व रीता, जमला! मी सोता पाहिला. मोठी खोली घेऊन घे. येऊन राहिली तुही आई."

"खरंच, मोठी आई?"

"मंग का लबाड बोलतो मी? तिचे कपडे मीच भरून देतो."

"तुम्ही चूप बसा, बाई," सरिता म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण सुमनबाई चूप बसल्या. सरिताने फोन उचलून हातात घेतला. स्पीकर बंद केला नाही.

"रीता, समुद्र जमला, हे खरं आहे. तो पाहायला मी येणार, तुझ्या मोठ्या आईला घेऊन येणार, पंधरा दिवस राहू. तू लहान घर घे. मी तिकडे कायमची येणार नाही. हे मी कोणासाठी करत नाही आहे, बेटा. मला इथेच राहायचं आहे."