सोमवारचे दोन तास

रविवारी दुपारी चोवाने वाफेवरचा भात परातीत उपसला, लाकडी पळीने मोकळा केला, मोहरीच्या पानांबरोबर उकळलेलं डुकराचं कालवण वाडग्यात काढलं, खलबत्त्यात मिरची-कोथिंबीर कुटली, सासूबाईंना वाढलं, नवऱ्याला वाढलं आणि मगच टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. तिच्यासाठी ताट घेतलेलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात, लाओसच्या डोंगरांतून आलेल्या आमच्या ह्मोंग लोकांच्या वस्तीत सून आधी वाढते, मग उरलं तर बसते. सोळाव्या वर्षी लग्न करून या घरात आल्यापासून चार वर्षं चोवाचं हेच चाललं होतं.

आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून मोठ्या विद्यापीठात जाण्यासाठी तिने नोव्हेंबरात अर्ज केला होता. तेव्हा चालू सत्राचा निकाल लागलेला नव्हता. म्हणून विद्यापीठ जानेवारीअखेर पुन्हा विचारतं, की बाई, शेवटी काय ग्रेड मिळाल्या ते तुमचं तुम्हीच भरा. त्या वेळी कागद कुणी मागत नाही. खरी गुणपत्रिका जुलैत जाते. तीन विषयांपुढे तिने ए, ए आणि बी भरलं. चौथा विषय संख्याशास्त्र. त्यापुढची चौकट सकाळपासून रिकामी होती. तिथे डी भरायचा होता, आणि डी नापासातच जमा. त्या विषयाशिवाय सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात तिला कुणी उभं करणार नव्हतं.

चोवा काही ढ नव्हती. शेवटच्या परीक्षेआधी तिला या विषयात ब्याऐंशी टक्के होते. डिसेंबरात नेंगचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, चुलत आजोबा वारले. आमच्याकडे मयत शुक्रवारी सुरू होतं आणि सोमवारी दफन. तोवर दिवसरात्र बांबूची वाद्यं वाजतात, ढोल वाजतो, येणारा प्रत्येक माणूस जेवून जातो, आणि शे-दोनशे माणसांचा भात घराण्याच्या सुना शिजवतात. चोवाचा पेपर सोमवारी सकाळी आठला होता.

"आई, दहाला पेपर संपेल," तिने रविवारी मयताच्या स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं. "साडेदहाला मी परत इथे उभी असेन. फक्त दोन तास."

सासूबाई पातीचा कांदा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घराण्याच्या साऱ्या सुना इथे राबतायत, आणि माझी तेवढी दप्तर घेऊन निघाली? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"अगं, तीन दिवस काढलेस, आता एका सकाळसाठी कशाला तमाशा?" नेंग म्हणाला आणि गाडीची किल्ली खिशात टाकून बाहेर पुरुषांत जाऊन उभा राहिला. "बाईंना नंतर सांग. घेतील त्या पेपर पुन्हा."

संख्याशास्त्राच्या बाईंनी घेतला नाही. जवळचं नातं असेल तरच, असा कॉलेजचा नियम होता, आणि नवऱ्याचा चुलत आजोबा त्या नियमात बसत नव्हता. हुकलेल्या पेपरला शून्य धरून तिचा डी झाला. सोमवारी आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. चोवा भाताच्या वाफेत उभी राहून भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. त्याच सकाळी तिचा मोठा दीर सेंग कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला जाऊन दफनापुरता परत आला. त्याला कुणी हटकलं नाही. पुरुषाचं काम ते काम, सुनेची परीक्षा म्हणजे मात्र नखरा. याला आम्ही रीत म्हणतो, आणि म्हणताना आमची जीभ जराही अडखळत नाही.

"बी टाक नि मोकळी हो," नेंग आता जेवता जेवता म्हणाला. "कोण बघतंय?"

"जुलैत बघतात. खोटं निघालं तर दिलेली जागा काढून घेतात. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी स्पष्ट सांगितलंय."

"जुलैचं जुलैत बघू ना! तोवर जागा तर मिळेल. खरं लिहिलंस तर आजच संपलं सगळं."

"बाई म्हणाल्या, डी लिही, हाच विषय या सत्रात पुन्हा घेतलाय ते लिही, आणि का झालं तेही लिही. मग निदान विचार तरी होतो."

"का झालं?" नेंगचा हात ताटातच थांबला. "म्हणजे आमच्या घरचं मयत तू परक्या लोकांना सांगणार? त्यापेक्षा आजारी होतीस म्हण. ताप होता म्हण."

सासूबाईंनी चमचा दाणकन खाली ठेवला. "आजारपणाचं खोटं या घरात बोलायचं नाही! ऐकणारी भुतं ऐकतात, आणि खरं करून ठेवतात. मग आजारात भरकटलेला हिचा आत्मा परत आणायला धावाधाव कोण करणार, तू?"

"मग मी काय लिहू, आई?" चोवाचा आवाज फाटला.

"ते अक्षराचंच लिही ना, नेंग म्हणतो ते. अक्षराला कुठे आत्मा असतो?"

चोवाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारखान्यातली पाळी, घरचा स्वयंपाक, संध्याकाळचे वर्ग, बसस्टॉपवर उभ्याने केलेला अभ्यास, चार वर्षं तिने अशी रेटली होती. सोळाव्या वर्षी पाठवणी करताना तिची आई म्हणाली होती, होईल सवय. सवय झाली नाही. या घरातून बाहेर जायची एकच वाट तिला ठाऊक होती, आणि ती या चौकटीतून जात होती.

तिने बी भरला.

बाकीच्या तीन अक्षरांशेजारी तो छान दिसला. जणू पहिल्यापासून तिथेच होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. बी लिहिला की तो सोमवार झालाच नव्हता. कुणी तिला अडवलं नव्हतं, कुणी किल्ली खिशात टाकली नव्हती. पुढच्या मयतातही तिला असंच ओट्यापाशी उभं करता आलं असतं, आणि तिच्यानंतर येणाऱ्या सुनांनाही, कारण कुणाचं काही बुडाल्याची कुठे नोंदच नव्हती. आपल्यावर झालेला अन्याय आपणच पुसून टाकायचा, तोही नीटनेटक्या अक्षरात!

तिने बी पुसला आणि डी लिहिला. खालच्या रिकाम्या जागेत तिने भराभर लिहिलं, "मी आजारी नव्हते. मी विषयात कच्ची नव्हते. नवऱ्याच्या चुलत आजोबांचं मयत होतं, आणि स्वयंपाक सोडून मला परीक्षेला जाऊ दिलं नाही. हा विषय मी पुन्हा घेतला आहे." मग नेंग उठून टेबलाला वळसा घालेपर्यंत तिने अर्ज पाठवून दिला.

"वेड लागलंय का तुला? अख्ख्या घराण्याची अब्रू घालवलीस!"

"नाव कुणाचंच नाही त्यात. माझ्या एकटीचं आहे."

"आणि नाही मिळाली जागा तर?"

"तर नाही मिळाली." मिळणार नाही असंच तिला त्या क्षणी वाटत होतं.

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. "काय लिहिलं तिने? मला सांग," त्या नेंगला म्हणाल्या. तो आपल्या ताटाकडे परत गेला. मग चोवानेच ती चारही वाक्यं शब्दशः आपल्या भाषेत वाचून दाखवली, एकेका वाक्यानंतर थांबून.

म्हातारीने भाताची परात बाजूला सारली. चिडेल असं वाटलं होतं, पण बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी लहान होता. "आपण दुसऱ्याच्या मयताला राबलो, तर आपल्या मयताला माणसं येतात. आज तू गेलीस, उद्या दुसरी जाईल. माझ्या वेळी चूल कोण पेटवणार?"

"मी पेटवीन, आई. शुक्रवारपासून उभी राहीन, कुणी सांगायला नको." चोवाने डोळे पुसले. "पण त्या सोमवारी माझी परीक्षा असली, तर दोन तास जाऊन येईन."

"आणि तेवढा वेळ भाताकडे कोण बघणार?"

"बाहेर अंगणात चाळीस पुरुष उभे असतील," चोवा म्हणाली. "त्यातल्या एकाला आत बोलवा."