डाव्या कडेचा डाग

हातोडीचं डोकं दांड्यात जरा सैल झालेलं… अंगठ्याने दाबलं की आत जायचं, सोडलं की पुन्हा बाहेर. डाव्या हातात हातोडी उगीचच धरून उजव्याने ती दिवा फिरवत होती आणि टेबलावरच्या चंद्राच्या कला तपासत होती. दादाने घडवलेला, कलिंगडाएवढा प्लास्टरचा चंद्र. तृतीयेची कोर आली. त्या कोरीत उजव्या कडेला लांबट काळा डाग दिसायला हवा होता, तो नव्हता. दिवा पौर्णिमेपर्यंत नेला तेव्हा सापडला, चक्क डाव्या कडेला. दादाने साचा कोरताना फोटोत दिसतं तसंच कोरलं होतं. साच्यातून निघालेला चंद्र आरशातल्यासारखा उलटा. संध्याकाळी संग्रहालयाचे लोक तो न्यायला येणार होते.

सांगायचं? मागे त्याने घडवलेल्या शनीचं कडं वाकडं आहे म्हणाली, तर दादाने हातातली कानस तिच्या हातावर घातली होती — करंगळीच्या हाडाचा तो कट्ट आवाज… आणि आई म्हणे, "तोंड आवरत नाही तुला, त्याचा स्वभाव माहीत आहे ना?" स्वभाव! त्याचा तो स्वभाव आणि तिचं ते तोंड. करंगळी वाकडीच जुळली. बरं, गप्प बसावं तर उद्या चारचौघांत हसं होणार, आणि मग दादा घरी येऊन विचारणार, तपासला कुणी होता?… म्हणजे मार ठरलेलाच. त्यापेक्षा हीच हातोडी त्याच्या टाळक्यात, नेमकी भोवऱ्यावर — लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून हेच डोकं ती घट्ट धरायची.

"झालं का गं?" दादा दारातून म्हणाला.

"उलटा आहे."

"काय?"

"चंद्र. साचा उलटा कोरलास तू, दादा."

तो दोन ढांगांत जवळ आला, हात उगारून. ती मागे सरली नाही. हातोडी तिने चंद्रावर घातली, त्या डागावरच — मग पुन्हा, पुन्हा, पांढरा भुगा तोंडावर उडाला, कवटी फुटावी तसा पोकळ आवाज झाला आणि तिला तो आवडला.

"अगं, वेड लागलं का तुला!" उगारलेला हात दादाने स्वतःच्याच चेहऱ्यापुढे धरला होता. तो भिंतीला टेकला. "ठेव… ठेव ती खाली." इतका हळू आवाज त्याला आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

चंद्र संपला होता. रागही संपायला हवा होता. ती आत भीती शोधत राहिली, सापडेना. तिच्या जागी छातीत काहीतरी ऊबदार, गोड पसरत होतं… दादालाही कानस घातली त्या दिवशी असंच वाटलं असेल? अंगठा डोकं दाबत होता, आत, बाहेर, आणि हातोडी खाली ठेवावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं.