डोळ्यांसकट

व्हिएतनाममधल्या आमच्या थो क्वांग बंदरात नाकावर डोळे रंगवल्याशिवाय होडी पाण्यात सोडत नाहीत. लाल, पांढरे, टपोरे डोळे. होडीला वाट त्यांनीच दिसते आणि घरही त्यांनीच सापडतं. चाळीस वर्षं मी तेच काढतोय, आणि माझ्याइतके देखणे डोळे अख्ख्या दा नांगमध्ये कुणी काढत नाही. हे मीच सांगतोय, पण खोटं नाही.

माझी लेक दिएम सायगावला शिकली. तिथली भल्या पगाराची नोकरी सोडून ती परत आली आणि सुक्या मासळीच्या जुन्या गोदामात चार मित्रांबरोबर तिने कंपनी काढली. काय बनवतात, तर माणसाविना चालणारी होडी! म्हणे, बंदराचा तळ मोजत एकटीच फिरते.

मी म्हटलं, "नावाडी नाही, वल्हं नाही. हिला होडी म्हणायचं की बादली?"

"बा, तुम्ही गपचूप चहा प्या," ती म्हणाली.

पण आमचे कोळी या बादलीला वाट देईनात. ती आली की जाळं मुद्दाम तसंच ठेवायचे, नाहीतर वल्ह्याने ढोसायचे. बिनडोळ्यांची होडी म्हणजे अपशकुन! दोन चाचण्या अशाच फसल्या. शेवटची गुरुवारी, बंदराच्या साहेबांसमोर. जमली तर बंदराचं काम मिळणार, नाहीतर गोदामाला कुलूप आणि दिएम पुन्हा सायगावला. बॅग अर्धी भरलीच आहे, असं तिने जेवताना हसत सांगितलं.

गुरुवारी सकाळी मी तिचा डबा घेऊन गोदामात गेलो. सगळे साहेबांना आणायला गेले होते. होडी एकटीच उभी होती. जवळ जाऊन बघतो तर नाकाशी दोन्ही बाजूंना दोन काळ्या गोल काचा, चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढ्या. अगदी डोळ्यांच्याच जागी! मला भरून आलं. पोरीने माझ्यासाठी जागा सोडलीय आणि सांगायला लाजतेय, बापासारखीच हट्टी. रंगाची पिशवी सायकलला असतेच. अर्ध्या तासात असे डोळे काढले की होडी आता बोलेल की काय असं वाटावं.

तेवढ्यात दिएम आली आणि किंचाळली.

"बा! हे काय केलंत? त्या काचांतूनच ती बघते! कॅमेरे आहेत आत!"

"मग मीही ती बघावी म्हणूनच काढले ना!"

"तुम्ही तिला आंधळी केलीत!"

साहेब दारात घड्याळ बघत उभे. तिचा मित्र क्वी थिनरची बाटली घेऊन धावला, तशी दिएम ओरडली, "नको, काच खराब होईल!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांची कला, आणि लेकीच्याच पायावर धोंडा.

मग लक्षात आलं, रंग अजून ओला आहे.

अंगातली बनियन काढली, मऊ कोपरा अंगठ्यावर गुंडाळला आणि काचेवरचा रंग गोल गोल टिपत गेलो. काळं बुबुळ काढलं होतं तेवढीच जागा मोकळी केली. भोवतीचं पांढरं, लाल तसंच राहिलं. आता बुबुळाच्या जागी काच चमकत होती.

होडी पाण्यात उतरली. वाटेत बांबूच्या गोल टोपलीहोडीत बसलेल्या म्हाताऱ्या हुएआजीने जाळं टाकलं होतं. तोंडाने महाखवचट बाई. तिने होडीकडे निरखून पाहिलं.

"अगं बाई, डोळे आले की हिला! ये बाई, ये," म्हणत तिने जाळं वर उचललं. मागच्या होड्यांतल्या तिघांनीही उचललं. होडी ऐटीत बंदरभर फिरली आणि स्वतःच धक्क्याला येऊन लागली. मी उघड्या अंगाने नाचलो. होय, नाचलो, साहेबांसमोर!

साहेब म्हणाले, "अशा सहा हव्यात. डोळ्यांसकट."

दुसऱ्या दिवशी दिएम कॉम्प्युटरपुढे नवा आराखडा काढत होती. "बा, बुबुळाचं माप सांगा. मिलिमीटरमध्ये."

"मला काय कळतंय त्यातलं? माझे दोन अंगठे."

तिने माझा हात ओढून पट्टीवर ठेवला, आकडा लिहिला, आणि त्याच्याखाली टाइप केलं: 'बाचे दोन अंगठे'. सहाही होड्यांच्या आराखड्यांवर तसंच आहे. सायगावच्या त्या बॅगेत आता माझे ब्रश असतात.