दाताखाली धरलेलं दुखणं

माझ्या आईचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. "गिरिजा म्हणजे सोशीक बाई, कधी हूं की चूं करणार नाही," असं कुणी म्हटलं, की त्या माणसाला हाताला धरून आणावं आणि आईच्या तोंडात टॉर्च मारून दाखवावं असं वाटतं. बघा, हे तुमचं हूं की चूं. दाढा घासून सपाट झाल्यात. पुढच्या दाताचा कोपरा उडालाय. खालच्या दोन दाढा तर नाहीतच, कारण त्या धडधाकट असताना उपटून टाकल्या. सोशीक म्हणे! सोसायला दुसरी जागाच ठेवली नाही तुम्ही तिला.

आमचं गाव राजापूरकडचं. बाबा इकडे शहरात, हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला लागले आणि आम्ही शेजारच्या नवघरचे झालो. आईही तिथेच जवळ एका गाळ्यात पॅकिंगला जायची. मग एका वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये चिकनगुनिया घुसला. घरोघरी माणसं आडवी झाली आणि महिन्याभरात उठून कामाला लागली. आईचा तापही उतरला, पण दुखणं तिच्या अंगातून गेलंच नाही. घोटे, मनगटं, कंबर, मान. रोज सकाळी ती उठायच्या आधी पलंगावर बसून स्वतःलाच दटावते, हे मी दारातून बघितलंय.

रक्त तपासून झालं, एक्सरे झाले, एमआरआय झाला. "सगळं नॉर्मल आहे," असं डॉक्टर म्हणाले आणि बाबांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. आईने कंबरेला हात लावला रे लावला की म्हणणार, "अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" जणू दुखण्याने आधी रिपोर्टची परवानगी काढायला हवी होती. बाबा वाईट नाहीत. आईला कधी टाकून बोलले नाहीत, पगार घरात देतात, औषधं विसरत नाहीत. पण जे कागदावर दिसत नाही ते त्यांच्या लेखी नसतंच. हळूहळू आईने कंबरेला हात लावणं सोडून दिलं.

त्याऐवजी ती दात आवळायला लागली. कणीक मळताना, बादली उचलताना, जिना चढताना. कानाजवळचा स्नायू गोटीसारखा वर यायचा आणि तिथेच थांबायचा. झोपेत तर खलबत्त्यात खडे कुटावेत तशी करकर. मला भिंतीपलीकडून ऐकू यायची. बाबा थोडे दिवस कुशी बदलत राहिले आणि मग उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेले. ही बाई झोपेत दात का खाते, हे त्यांनी तिला विचारलं नाही. फक्त आवाज कानाआड केला.

कारणं मात्र सगळ्यांकडे तयार होती. आमच्याच गावची सुलूकाकू म्हणाली, "झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत असणार," आणि गावाहून वावडिंग मागवलं. पन्नाशीच्या बाईला शेंबड्या पोरासारखं वावडिंगाचं पाणी पाजलं, आणि आई ते निमूट प्यायली! शेजारच्या ममताबेननी लवंगेचं तेल दिलं. गालात, कानात कळा यायला लागल्यावर बाबा तिला त्यांच्या ओळखीच्या एका डेंटिस्टकडे घेऊन गेले. त्याने तोंडात डोकावून फर्मावलं, "आंटी, मिश्री छोड दो." माझ्या आईने जन्मात त्या तंबाखूच्या मिश्रीला बोट लावलेलं नाही. लावायची ती माझी आजी. पण गाव कोणतं ते ऐकूनच त्या माणसाचं निदान झालं होतं. त्याने एक दाढ काढली. कळा थांबल्या नाहीत, तेव्हा तिच्या शेजारची काढली. तरी थांबल्या नाहीत, तर म्हणाला, बाकीच्यांचंही बघावं लागेल.

ज्याला त्याला कारण सापडत होतं. दुखणं कुणालाच सापडत नव्हतं.

शेवटी मी ऑफिसला दांडी मारली आणि आईला दुसरीकडे नेलं. डॉक्टर रुचिता म्हणून आहेत, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बराच वेळ आईचे दात पाहिले. मग आरसा बाजूला ठेवला आणि गालाच्या स्नायूवर दोन बोटं दाबली. आई खुर्चीतून उडालीच.

"काकू, तुम्हाला दुखतं कुठे?"

"दाढेत."

"दाढेच्या आधी कुठे?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच चुगली केलीय. मग हळूहळू सांगायला लागली. घोटे. मनगटं. कंबर. मान. सांगताना अर्ध्यातच थांबून म्हणाली, "पण रिपोर्ट नॉर्मल आहेत हां."

"असू देत," डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं रिपोर्टमध्ये दिसलंच पाहिजे असं नसतं. अंग सतत दुखत असलं की बरीच माणसं नकळत दात आवळून धरतात. दिवसाही, झोपेतही. त्याने दात झिजतात, तडकतात, जबड्याला कळा येतात. तुमच्या त्या दोन दाढा किडल्या होत्या का, कुणी सांगितलं?"

आईने नाही म्हणून मान हलवली.

"आता एकही दात काढायचा नाही. मी झोपताना दातांवर बसवायला एक गार्ड बनवून देते, राहिलेले वाचतील. पण खरा इलाज अंगदुखीवर करायला हवा. जुनाट दुखण्याचे वेगळे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे जा."

रिक्षात आईचा गाल सैल होता. बऱ्याच दिवसांनी मी तो तसा पाहिला.

घरी आलो तर बाबांसोबत दाजी बसलेले. दाजी म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ आणि आमच्या गावाच्या इथल्या ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची सत्यनारायणाची पूजा रविवारवर आली होती, त्याचीच बोलणी चालली होती. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाताची डॉक्टर कंबरेचं कशी काय बोलते?"

"कारण कंबरेच्या डॉक्टरने कधी तोंड बघितलं नाही, बाबा!"

"ओरडतेस कशाला?"

तेवढ्यात दाजींनी, मला सांगतानासुद्धा लाज वाटते, तोंडातली कवळी काढून तळहातावर धरली. बोळक्या तोंडाने म्हणाले, "हे बघ. काय ताप नाय. सगळे काढायचे, ही बसवायची. झोपताना वाटीत ठेवायची. दातच नाय तर वाजणार काय?"

बाबांना ते पटलं! लगेच त्या ओळखीच्या डेंटिस्टला फोन लावला आणि सोमवारपासून काढायला सुरुवात करायची असं ठरवूनसुद्धा टाकलं. एकेक बाजू करत सगळे. बाईच्या तोंडातले जिवंत दात, आणि हे दोघं चाळीच्या जुन्या खिडक्या काढायच्या असल्यासारखे बोलत होते. मी पाय आपटले, भांडले, दाजींना बोलू नये ते बोलले. "दात काढल्यावर जबडा आवळायचा थांबणार आहे का? दुखणं वाटीत ठेवता येणार आहे का?" बाबा म्हणाले, "स्वाती, मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नाही."

मी आईकडे वळले. "तू सांग ना. तुझं तोंड आहे."

"काढू देत," आई म्हणाली. "ह्यांची झोप तरी होईल."

त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग आईचा आला. बाबांचाही नाही, दाजींच्या कवळीचाही नाही. तिला गदागदा हलवावंसं वाटलं. "तुझे दात आहेत, आई! तुला एकदा तरी नाही म्हणता येतं का?"

"दाजी, चहा टाकू?" असं विचारून ती आत गेली.

रविवारी नवघरच्या हॉलमध्ये पूजा झाली. भटजी गेल्यावर, प्रसाद वाटण्याआधी आमच्याकडे गाऱ्हाणं असतं. सगळा गाव हात जोडून उभा राहतो आणि जाणता पुरुष सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं घालतो. एकेक वाक्य झालं की सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. कुणी गप्प राहिलं तर मागणं अर्धवट राहतं, नारळ फोडता येत नाही. बायका मागे उभ्या राहून व्हय म्हणतात. गाऱ्हाणं त्या घालत नाहीत.

दाजी पुढे उभे राहिले. त्यांच्या शेजारी हातात नारळ घेऊन बाबा, कारण यंदाचे यजमान ते.

"बा केदारलिंगा, तुझी लेकरं गाव सोडून या खाडीकाठाला इली, त्यांच्या पोटापाण्याची काळजी घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कुणाची लग्नं अडली असतील, कुणाच्या नोकऱ्या अडल्या असतील, ती वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही आमची गिरिजा, सोशीक बाई, कधी हूं की चूं करीत नाय. हिच्या तोंडाची जी काय पीडा असेल ती उद्या दातांबरोबर निघून जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल म्हणाला. भर गावात, देवासमोर, हे लोक माझ्या आईचे दात उपटायला हो म्हणत होते.

"नाही."

आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. मी शेजारी पाहिलं. आई बोलली होती. तिचा गाल फुगून टणक झाला होता, हात जोडलेलेच होते.

दाजींनी वळून पाहिलं. "अगो, गाऱ्हाण्यात मधे बोलतत नाय."

"माझं मी घालते, दाजी."

"बायका गाऱ्हाणं..."

पण आई चालायला लागली होती. लंगडत, सुलूकाकूच्या खांद्याचा आधार घेत, बायकांमधून वाट काढत पुढे गेली आणि दाजींच्या बाजूला उभी राहिली. तिने दाजींकडे पाहिलं नाही आणि बाबांकडेही नाही.

"बा केदारलिंगा," ती म्हणाली. "माझी कंबर दुखते रे म्हाराजा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण सवय जबरदस्त असते. मागून कुणी तरी म्हणालं आणि त्याच्यामागे सगळ्यांच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

आई थबकली. इतक्या वर्षांत तिच्या दुखण्याला कुणी हो म्हटलंच नव्हतं. ती पुढे बोलली तेव्हा आवाज मोठा झाला होता.

"माझे घोटे दुखतात, मनगटं दुखतात, मान दुखते रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रिपोर्टात दिसत नाही, तरी दुखतं रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बायकांचा आवाज पुरुषांच्या वर गेला होता. सुलूकाकू रडत होती आणि व्हय म्हणत होती. मी इतक्या जोरात ओरडत होते की माझा घसा फाटायचा बाकी होता.

"मला जंत झाले नव्हते. मी मिश्री लावली नव्हती. मी दुखणं दाताखाली धरून ठेवलं होतं, कारण घरात ते ठेवायला जागा नव्हती रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझे दात उद्या कुणी काढायचे नाहीत. माझ्या दुखण्याचा इलाज करायचा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला. दाजींचेसुद्धा ओठ हलले.

बाबा गप्प होते. नारळ छातीशी धरून उभे. सगळ्यांना दिसलं. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि थांबले. कुणी प्रसादाकडे वळेना, कुणी खोकेना. आईही थांबली. तिने घाई केली नाही, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मला वाटलं आता ती नेहमीसारखी मागे येईल, असू दे म्हणेल. ती हलली नाही.

बाबांनी देवाच्या तसबिरीकडे बघून, घसा खाकरून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आई त्यांच्याकडे वळली.

"देवाला नको," ती म्हणाली. "मला सांगा."