हॅमीला डाव्या कुशीत घे

त्या दुपारी आमच्या चर्चच्या तळघरात बुटांच्या रिकाम्या खोक्यांचा वास कोंदला होता आणि त्यात पातळ कॉफीचा. लांब टेबलं एकाला एक जोडून मांडली होती. त्यांवर मोजे, पेन्सिली, कंगवे, कागदात गुंडाळलेले साबण, चेंडू, बोटभर बाहुल्या यांचे ढीग. पोरांनी खोकं धरून रांगेत सरकायचं, प्रत्येक ढिगातून एकेक वस्तू उचलायची, शेवटी आपला फोटो आणि स्वतः लिहिलेलं पत्र वर ठेवून झाकणावर रबरबँड चढवायचा. ख्रिसमसला ही खोकी परदेशातल्या पोरांना मिळतात. चिकटपट्टी लावायची नाही, कारण पुढे तपासणी असते. गोळ्या-चॉकलेटं नाहीत, टूथपेस्ट नाही, वापरलेली वस्तू मुळीच नाही. हे नियम भिंतीवर लावलेले आहेत, माझ्या सासूच्या टपोऱ्या अक्षरात.

सासूला नातवंडं ‘बेप्पे’ म्हणतात. जुन्या डच घरांत आजीला असं म्हणतात. हळूहळू सगळं गावच तिला बेप्पे म्हणायला लागलं. मीही म्हणते. मीही अमेरिकेतल्या याच आयोवा राज्यातली, पण राजधानीकडची, कॉलेज शिकलेली. बेप्पेच्या हिशेबात हे दोन्ही दोषच.

माझी आनिके सहा वर्षांची. ती फार आधी जन्मली होती आणि बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा इस्पितळातल्या कुणा बाईनं विणलेलं लोकरीचं डुक्कर नर्सनं तिच्याशेजारी ठेवलं. ते हॅमी. एक कान चघळून गळालेला, पोटाची लोकर झिजून जाळी झालेली. हॅमीशिवाय आनिके झोपत नाही, आणि ती झोपल्याशिवाय मी झोपत नाही. अजून तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची सवय माझी गेलेली नाही.

बेप्पेला हॅमी डोळ्यांसमोर नको असायचा.

“बाप डुकरं कत्तलखान्याला पोचवतो आणि लेकीला डुकराशिवाय झोप नाही,” ती जेवणाच्या टेबलावर म्हणायची. “ट्रकमध्ये टाक रे डर्क, एक जास्त.”

डर्क, माझा नवरा, हसायचा. त्याला वाटायचं, विनोद आहे.

तर त्या दुपारी, रांग सुरू व्हायच्या आधी, बेप्पेनं पोरांना जमिनीवर बसवलं आणि यारेत्सीला पुढे बोलावलं. यारेत्सी नऊ वर्षांची. तिची आई एलोइसा अंड्यांच्या कारखान्यात काम करते आणि शनिवारी चर्चची फरशी पुसते. दोघी ग्वाटेमालाहून आल्यात. तिथं असताना यारेत्सीला असंच एक खोकं मिळालं होतं, हे कळल्यापासून बेप्पे दर वर्षी तिला उभी करते.

“सांग बाळ. काय काय होतं तुझ्या खोक्यात?”

“कंगवा, मोजे, साबण.”

“आणि?”

“पत्र होतं. पास्टरनी वाचून दाखवलं. त्या मुलीनं लिहिलं होतं, दोरीवरच्या उड्यांची माझी दोरी तुला देते, ती लाल आहे.” यारेत्सी थांबली. “दोरी नव्हती.”

“बरं, बरं. पण साबण किती छान होता, नाही?”

“आम्हाला वाटलं माझ्या भावानं घेतली. तो नाही म्हणाला. मग बाबांनी त्याला पट्ट्यानं मारलं, खोटं बोलतो म्हणून.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

“टाळ्या!” बेप्पे म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. यारेत्सी जागेवर जाऊन बसली. भिंतीशी मॉप धरून उभी असलेली एलोइसा हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

मग बेप्पे खाली वाकली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. हा आवाज मी ओळखते.

“आता मला सांगा. हे ढीग कुणी आणले? तुमच्या आयांनी. मग यात तुमचं काय? काही नाही. दुकानातलं उचलून दिलं म्हणजे देणं नव्हे. देताना पोटात दुखलं पाहिजे. कुणाकडे आहे बरं अशी वस्तू?”

ती सगळ्यांकडे बघत होती, पण तिचे डोळे आनिकेच्या दप्तरावर होते. दप्तराच्या चेनमधून हॅमीचं नाक बाहेर आलेलं होतं.

मी कॉफीचा थर्मास ठेवून येईपर्यंत आनिके रांगेच्या शेवटाला पोचली होती. तिनं खोक्यातले मोजे काढून परत ढिगात ठेवले, म्हणजे जागा होईल. हॅमीला आडवा घातला. तो मावेना. तिनं त्याचे पाय दुमडले, झाकण दाबलं, आणि रबरबँड चढवताना तिची बोटं पांढरी पडली.

“आनू,” मी म्हटलं, “अगं, वापरलेली खेळणी चालत नाहीत. दे इकडे.”

“आई, राहू दे.” तिनं खोकं छातीशी धरलं. “तिच्याकडे काहीच नाहीये.”

“कुणाकडे?”

“जिला मिळणार तिच्याकडे.”

बेप्पेचा हात माझ्या मनगटावर आला. “टेसा. पोरीनं देवासमोर दिलंय. आईनं काढून घ्यायचं?”

“पण बेप्पे, तुम्हीच लिहिलाय नियम. वापरलेलं नाही.”

“ते नंतरचं नंतर.” तिनं आवाज खाली आणला नाही. “सहा वर्षांची घोडी झाली. तू आणखी किती दिवस काचेत ठेवणार आहेस तिला?”

सगळ्या आया खोक्यांत बघत होत्या. मी हात मागे घेतला. खोकं इतर खोक्यांवर जाऊन बसलं. त्यावर चिठ्ठी होती: मुलगी, पाच ते नऊ.

त्या आठवड्यात आनिके धड झोपली नाही. पण रडलीही नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती गोष्टी रचायची. तिथं उकडत असेल, मग हॅमीला पांघरूण लागणार नाही. ती मुलगी त्याला काय नावानं हाक मारेल? पत्रात मी लिहिलंय ना, तेच नाव ठेवेल. पत्र तिनं त्या संध्याकाळी एकटीनं लिहिलं होतं, बेप्पेनं फक्त स्पेलिंगं सांगून ते खोक्यात घातलं होतं: ‘हा हॅमी. त्याला डाव्या कुशीत घे. उजवीकडे त्याला भीती वाटते.’

मी मात्र तपासणीवर भिस्त ठेवून होते. बेप्पे आणि आणखी काही जणी तळघरातच खोकी तपासतात, आणि नियमाप्रमाणे वापरलेल्या वस्तू बाहेर काढतातच. मी बेप्पेला फोन करून म्हटलं, तपासणीला मी येते हाताखाली. ती म्हणाली, “ये की.” इतकं सहज म्हणाली की मी सावध व्हायला हवं होतं.

मी गेले तेव्हा आनिकेचं खोकं तपासून झालेलं होतं. मी रबरबँड काढला. वर फोटो, त्याखाली पत्र, त्याखाली कंगवा, साबण आणि जिथं हॅमी होता तिथं हिरवा प्लॅस्टिकचा यो-यो, नवाकोरा, किमतीची चिठ्ठी काढल्याची चिकट खूण असलेला.

“ते कुठंय?”

“काय?” बेप्पे साबण हुंगून बघत होती.

“डुक्कर, बेप्पे.”

“अगं, ते निघालंच. नियम तो नियम.”

“मग द्या ना. मी त्यासाठीच आलेय.”

“मला काय ठाऊक नाही? म्हणून तर मी लवकर आले.” तिनं साबण खोक्यात ठेवला. “यारेत्सीला दिलं. बिचारी. एलोइसानं धुऊनही घेतलं लगेच.”

“ते आनिकेचं आहे!”

“आनिकेनं दिलंय. कुणाला दिलं? परदेशातल्या गरीब पोरीला. मग? ही कुठली आहे, आयोवाची? उलट पाठवायचा खर्च वाचला.” ती हसली आणि शेजारच्या दोघी हसल्या. “तुझ्या लेकीची सवय सुटली, त्या पोरीला खेळणं मिळालं. आणि खबरदार आनिकेला बोललीस तर. तिला वाटतंय गेलं परदेशी, तर वाटू दे. तेवढं समाधान तरी नको हिरावूस.”

हे शेवटचं मला पटलं. तिच्या सगळ्या बोलण्यात नेमकं एक वाक्य असतंच, जे पटतं. मी झाकण लावलं, रबरबँड चढवला आणि खोकं पुढे सरकवलं.

रविवारी सगळी खोकी प्रवचनाच्या व्यासपीठासमोर भिंतीसारखी रचली होती. प्रार्थना संपली की बाहेर उभ्या ट्रकमध्ये चढवायची. पोरांना पुढे बोलावलं. प्रत्येकानं एका खोक्यावर हात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची माझी जुनी सवय आहे, आनिके इस्पितळात होती तेव्हापासूनची.

म्हणून मी बघितलं. यारेत्सीचा उजवा हात खोक्यावर होता आणि डाव्या बगलेत हॅमी होता, गळ्यात पिवळी रिबन बांधलेला, धुऊन उजळलेला. आणि आनिकेचेही डोळे उघडे होते.

ती शांतपणे चालत गेली आणि हॅमीचा पाय धरला.

“हा परदेशी गेलाय,” ती म्हणाली.

“मला बेप्पेनं दिला,” यारेत्सी कुजबुजली.

“नाही. तो खोक्यातून गेला. जिच्याकडे काही नाही तिच्याकडे.” आनिकेनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बेप्पे बघते तशी. “तुझ्याकडे काहीच नाहीये?”

“आहे.”

“मग तू का घेतलास? चोरलास?”

“चोरला नाही! तुझ्या आजीनं दिला, मी गरीब आहे म्हणून!”

हे ती मोठ्यानं म्हणाली. पास्टर थांबले. आख्ख्या चर्चनं डोळे उघडले. मी बाकांमधून पुढे धावले, पण बेप्पे पहिल्याच रांगेत होती.

“आनिके, सोड. तू दिलंयस. यारेत्सीला गरज आहे त्याची.”

एलोइसा मागून आली. घाई न करता आली. तिनं लेकीच्या बगलेतून हॅमी काढून घेतला, त्याच्या गळ्यातली रिबन सोडवली, गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवली आणि हॅमी माझ्या हातात दिला.

“रिबन आमची आहे, बाई,” ती म्हणाली. “बाकी सगळं तुमचं.”

तोवर बेप्पेनं पास्टरच्या हातून माइक घेतला होता.

“बघा पोरांनो,” ती मऊ आवाजात म्हणाली, “यारेत्सीनं काय केलं ते. आवडतं खेळणं देऊन टाकलं. याला म्हणतात देणं. टाळ्या!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एलोइसा आणि यारेत्सी टाळ्या चालू असतानाच बाहेर पडल्या. दार बंद झालं तरी टाळ्या चालूच होत्या. मग पुरुषमंडळी उठली आणि खोकी ट्रकमध्ये चढवू लागली. डर्क सगळ्यात पुढे होता, ओझं उचलायला त्याला आवडतं.

गाडीत आनिके मागच्या सीटवर बसली. मी हॅमी तिच्या मांडीवर ठेवला. तिनं त्याला नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं.

“तिच्या घराचा वास येतोय.”

“आपण पुन्हा धुऊ.”

“नको मला.” तिनं त्याला पायानं सीटखाली सरकवलं, जरा जोरातच. “तो आता गरिबांचा झालाय.”

“आनू! असं नाही बोलायचं.”

“बेप्पे बोलते.”

डर्क मागे वळून म्हणाला, “चला, आईचं म्हणणं खरं झालं म्हणायचं. सुटली सवय.” मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो रस्त्याकडे बघायला लागला. समोर ट्रक वळण घेत होता. आम्ही त्याच्या मागेच होतो, मग तो महामार्गाकडे गेला आणि आम्ही घराकडे वळलो.

मी आरशात बघितलं. ती डोळे उघडे ठेवून बसली होती, श्वास नीट चालू होता.

“आई, माझ्या खोक्यात आता काय आहे?”

“यो-यो आहे. हिरवा. छान आहे.”

“आणि पत्र?”

मी सीटबेल्ट सारखा केला.

“पत्र तेच आहे?” ती म्हणाली. “हॅमीला डाव्या कुशीत घे, ते?”

डर्कनं रेडिओ लावला. मी बंद केला.

“आई,” आनिके म्हणाली, “मग तिचे बाबा कुणाला मारतील?”